खोक्यातल्या बाहुल्याची पारख

सुनेची शिलाई मशीन विकून माझ्या मुलाने एक बाहुला विकत आणला, आणि त्या बाहुल्याची किंमत काय हे ठरवण्यात आमचा एक अख्खा उन्हाळा गेला. आजही आठवलं की डोकं तापतं.

आम्ही खोडदचे. मुलगा तेव्हा नारायणगावात एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. तिथे पोरं पैसे देऊन गेम खेळायला येत. मालक बाहेर गेला की हाही खेळे. तेवढ्याने भागेना म्हणून घरीही एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. लग्न झालेला, तिशीला टेकलेला माणूस, पण जेवायला हाक मारली की म्हणायचा, "थांब आई, आत्ता उठलो तर मरंल मी." मरणार पडद्यावरचा कुणीतरी होता. भाकरी इकडे खरोखरच गार व्हायची.

बाहुला त्याच गेममधला होता. पुण्यातल्या कुणा कॉलेजच्या पोराकडून आणलेला. वीतभर उंच, निळं चिलखत, डोक्यावर माशाच्या कल्ल्यासारखा टोप आणि एका हाताच्या जागी बोअरच्या गाडीला असतं तसलं ड्रिल. खोक्याला पुढून पारदर्शक कागद, आत बाहुला तारांनी जखडलेला.

"जगात थोडेच हायेत असले," मुलगा म्हणाला. "दर साली भाव वाढतो. फक्त खोकं फोडायचं न्हाई."

"मग खेळायचा कसा?"

"खेळायचा न्हाई, आई."

"मग घेतला कशाला?"

"ठेवायला."

मी चौथी शिकलेली. शाळेत शिकवलं नसेल असंही मला पुष्कळ कळतं, पण हे नाही कळलं.

मशीन विकल्याचं त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं. दुरुस्तीला दिलीय म्हणाला. ती मशीन सुनेला तिच्या बापाने घोडेगावाहून लग्नात दिलेली. गावातल्या बायकांची झंपरं, पोरांचे शाळेचे कपडे ती शिवायची. स्वतःचा पैसा स्वतःच्या हाताने खर्चायची, आणि कुणापुढे हात पसरत नव्हती. मशीन घरात नाही म्हणून ती रोज विचारायची, आणि हा रोज सांगायचा, "पार्ट यायचाय."

मधल्या काळात तिने कपाटावरचं ते नवं खोकं पाहिलं. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की तिला हळद-कुंकू लावतात. पाण्याची मोटार असो, टीव्ही असो, बियाण्याची पिशवी असो. सुनेने बोटं ओली करून खोक्याला हळद-कुंकू लावलं आणि पाया पडली. बिचारीला काय माहीत, आपल्याच मशीनच्या पाया पडतेय ते. संध्याकाळी हा घरी आला, ओरडला आणि साबणाचं पाणी घेऊन पुसायला बसला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे न्हाणीघरात जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं. खोक्याचा अख्खा कोपरा विटकरी झाला.

पुढे आठवडी बाजारात नारायणगावच्या एका शिंप्याची बायको सुनेला म्हणाली, "तुमची मशीन लई हलकी चालती बरं का." सून घरी आली, पिशवी भरली आणि घोडेगावला निघून गेली. रडली नाही, भांडली नाही. मला म्हणाली, "आत्या, मशीन घरात आली की मी येते. त्या आधी न्हाई."

मी तिला अडवलं नाही. मी तिच्या जागी असते तर जाताना बाहुलाही सोबत नेऊन नदीत टाकला असता.

मुलाला मी रोज बोलत होते. तो म्हणायचा, "पुण्याचं एक गिऱ्हाईक येतंय. ह्याच्या पैशात दोन मशिनी येतील, बघशील तू." गिऱ्हाईक येणार त्या दिवशी मी व्याह्यांनाही बोलावून घेतलं. म्हटलं, काय होतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. व्याही जन्मभर बैलांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. येऊन पायरीवर बसले.

पुण्याचा पोरगा मोटारसायकलवर आला. त्याने पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले, छोटी बॅटरी काढली, भिंग काढलं. मी चहा पुढे केला तर म्हणाला, "आजी, चहा लांब ठेवा." मग खोक्याचे कोपरे बघत बसला. खोकं कुठे चिकटवलंय ते बघितलं, मागची चकचकीत चिकटपट्टी बघितली. बाहुल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आत बघा की," मी म्हटलं.

"आतलं बघायची गरज नसते, आजी."

मग त्याचं भिंग त्या विटकरी कोपऱ्यावर थांबलं. "हे काय आहे?"

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "हळद-कुंकू."

"बॉक्सला?"

"नवी वस्तू घरात आली की लावतात."

पोराने हातमोजे काढले. म्हणाला, "उन्हाने उडालेले बॉक्स बघितले, उंदराने कुरतडलेले बघितले. पूजा केलेला पहिल्यांदाच बघतोय. बॉक्स गेला म्हणजे मग उरलं काय?"

"बाहुला उरला की!" मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी.

त्याने जी किंमत सांगितली तिच्यात मशीनची सुईसुद्धा मोठ्या मुश्किलीने आली असती. तो गेला, आणि आमच्या चिरंजीवांनी बायकोवर तोंड सोडलं. "तुमच्या पोरीनंच वाट लावली," ते सासऱ्याला म्हणाले.

तेव्हा व्याही उठले. "माझ्या पोरीनं हळद लावली. साबण कुणी लावला, जावईबापू?"

मुलगा खोकं उचलून कपाटाकडे निघाला, तर व्याह्यांनी हात पुढे केला.

"आन तो बाहुला इकडं. आमी बी बघतो."

"मामा, खोकं नका फोडू!"

"आता खोक्याचं काय ऱ्हायलंय? आन न बघता सौदा करणारे तुमी. पोत्यात घातलेला बैल कुणी घेतो का?" असं म्हणून त्यांनी खोकं टराटरा फाडलं, तारा दातांनी तोडल्या आणि बाहुला बाहेर काढला. मग जन्मभर जे केलं तेच करायला लागले. तोंड उघडायला गेले, ते उघडेना. "दात न्हाईत. वय कसं काढायचं?" खांदे दाबले. गुडघे वाकवून बघितले. जमिनीवर उभा केला तर पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. "मागल्या पायात अधू हाय. आन ह्यो ड्रिल तरी फिरतोय का? फिरत न्हाई! राव, फुकट दिला तरी मी दावणीला बांधायचो न्हाई."

मुलगा डोकं धरून बसला. व्याही त्या बाहुल्याला तिसऱ्यांदा उभं करायला लागले, आणि मग मात्र माझा संयम सुटला. एकाने नुसतं खोकं तपासलं, दुसऱ्याने नुसता बाहुला, आणि मशीनचं नाव कुणी काढेना.

"पुरे करा," मी म्हटलं. "त्याला दात असोत नाहीतर नसोत. मशीन शिंप्याकडं हाय. ती कशी आणायची तेवढं बोला."

व्याही पुन्हा बाहुल्याचा गुडघा चाचपायला लागले. मग मीच बोलले. शिंप्याची पोरगी कॉम्प्युटर शिकत होती, आणि घरी एक हवा म्हणून बापाच्या मागे लागली होती, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"आई, तो न्हाई!"

"तोच. मरायचं असंल तर आता बाहेर मर, उन्हात."

कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, टेम्पो केला आणि आम्ही तिघं नारायणगावला गेलो. सौदा आम्ही करतो म्हणून व्याही पुढे झाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, शिंप्याचा हात त्याखाली घेतला आणि बैलाच्या बाजारात गुपचूप भाव ठरवायला करतात तशी त्याची बोटं दाबायला लागले. शिंप्याला त्यातलं काय कळणार? तो गुदगुल्या झाल्यासारखा हसायला लागला. "मामा, तोंडानं बोला ना! कोण ऐकतंय?" व्याह्यांना राग आला. तोंडाने सौदा करायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी मीच सांगितलं, हे घ्या आणि ते द्या, वर काही नाही. शिंप्याने पोरीला बोलावलं, तिने कॉम्प्युटर चालू करून बघितला आणि मान हलवली.

मशीन घेऊन आम्ही तसेच घोडेगावला गेलो. सून बाहेर आली. नवऱ्याकडे बघितलंही नाही. टेम्पोतून मशीन उतरवून घेतली, दोरा ओवला, एका चिंधीवर शिलाई मारली आणि चिंधी उलटी करून बघितली.

"खालच्या दोऱ्याची बॉबिन केस बदललीय," ती म्हणाली. "ही माझी न्हाई. टाका सैल पडतोय."

"उद्या आणतो," मुलगा म्हणाला.

"उद्या न्हाई. पार्टचं दुकान हितं घोडेगावात हाय. चालत जा."

भर उन्हात तो गेला. व्याही मिशीतल्या मिशीत हसत होते. मी म्हटलं, "तुमी हसू नका. दातांनी तारा तोडणारे तुमी." मुलगा घामाघूम होऊन आला. सुनेने बॉबिन केस बसवली, पुन्हा शिलाई मारली, पुन्हा उलटी करून बघितली आणि चिंधी माझ्या हातात दिली. टाका दोन्ही बाजूंनी सारखा होता. मग ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली.

मशीन पुन्हा टेम्पोत चढवली. सून पुढे ड्रायव्हरजवळ बसली, मी तिच्या शेजारी. मुलाला मागे बसवलं, मशीन धरायला. वाटेत रस्ता खराब होता. सून दर वळणावर काचेतून मागे बघायची आणि ओरडायची, "दोन्ही हातांनी धरा!"