आरक्षण क्रमांक चौदा आणि अकरा घरांचा कडबा

लक्ष्मीबाईंनी नगरपंचायतीत म्हैस नेऊन बांधली, ही बातमी पालमच्या बसस्टँडवर पोचली तेव्हा म्हशीनं नुसतं शेण टाकलं होतं. परभणीला पोचेपर्यंत तिनं साहेबांचं टेबल उलथवलं होतं. खरं म्हणाल तर म्हैस दिवसभर दावणीलाच होती. बाईंनी नेली ती कडब्याची एक पेंढी, तीही पदराआड लपवून. लपली कसली! वीतभर शेंडे मागून निघालेले.

त्यांच्या घरामागं गावठाणाची जागा आहे. एकट्या कुणाच्या नावावर नाही, पण आजेसासऱ्यांच्या काळापासून अकरा घरांच्या कडब्याच्या गंज्या तिथंच रचतात. कुणाची कुठं, हे कागदावर नाही, तरी भांडण नाही. आमच्या गल्लीत भांडणाविना राहिलेली तेवढी एकच गोष्ट. फाल्गुनात नगरपंचायतीनं विकास आराखड्याचा नकाशा भिंतीला लावला आणि त्या जागेवर हिरवा रंग दिसला. आरक्षण क्रमांक चौदा, बगीचा.

गल्ली हरखली. शेजारच्या दिनकररावांनी तर आपलं बाकडं कोणत्या झाडाखाली, तेही ठरवलं.

"आन् कडबा कुठं ठिवायचा, भाऊजी? तुमच्या माडीवर?"

"वहिनी, आता छापून आलंय. वर शिक्का हाय. शिक्का मारलेलं कधी पुसतंय व्हय?"

सगळ्या गल्लीचं हेच मत. शिक्का दिसला की आमची माणसं मान डोलावून घरी येतात.

बाईंचा मात्र पाय ठरेना. दूध काढून झालेल्या म्हशीखाली पुन्हा चरवी घेऊन बसल्या. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. दिनकररावांनी तो कप संपवला, फुकटचा होता म्हणून. रोज एक चक्कर नगरपंचायतीत, रंग उडालाय का बघायला. अशाच एका चकरेत राजेश्री भेटली, गल्लीतलीच शिक्षिका. तिनं नकाशाखालची बारीक अक्षरं वाचली.

"काकू, हा प्रारूप आराखडा हाय. म्हणजे कच्चा. तीस दिवसांत हरकत घेता येती, मग समितीपुढं सुनावणी. लोकांचं ऐकल्याबिगर पक्का करता येत न्हाई."

"मंग आज कितवा दिस?"

"अठ्ठाविसावा."

पुढचे दोन दिवस बाई घरात टेकल्या नाहीत. गट नंबर शोधला, अर्ज राजेश्रीकडून लिहून घेतला, अकरा घरांच्या सह्या-अंगठे गोळा केले. दिनकररावांनी सही केली, पण म्हणाले, "बाकड्याचं तेवढं खाली लिवा." शेवटच्या दिवशी कचेरी बंद व्हायला अर्धा तास असताना अर्ज आत गेला. पोच हातात पडेपर्यंत बाईंनी खिडकीचा गज सोडला नाही.

सुनावणीत साहेबांनी कागद वाचला: 'सध्याचा वापर, मोकळी गवताळ जागा.' त्यांचा माणूस पाहणीला गेल्या श्रावणात आलेला. तोवर गंज्या संपलेल्या आणि गवत गुडघ्याएवढं; त्याला तिथं आयताच बगीचा दिसला. बाईंनी पेंढी टेबलावर ठेवली. शिपाई धावला, काडी-काडी वेचू लागला. म्हशीची अफवा त्याच्याच तोंडून निघाली म्हणतात.

समितीनं जागा पुन्हा पाहायचं कबूल केलंय. कधी, ते सांगितलं नाही. त्यामुळं रस्त्यावर जीप वाजली की बाई पिठाच्या हातानं घरामागं पळतात. परवा गॅसच्या गाडीलाही त्यांनी गंज्या दाखवल्या.

पण त्या दिवशी समितीनं हे कबूल केलं ते पेंढीमुळं नाही. साहेब वैतागून म्हणाले होते, "मावशी, आमचा माणूस आला तेव्हा तिथं काडीसुद्धा नव्हती. इतका कडबा होता, तर मग होता कुठं?"

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "म्हशीच्या पोटात, साहेब. तुमी लय उशिरा आलात."