देदांचं शेवटचं ऑडिशन

देदा आमच्याकडे कधी कधी दोनदा यायचे. बेल वाजायची, आई दार उघडायची, ते दोन पावलं आत येऊन थांबायचे, मान हलवायचे आणि बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचे. मग पुन्हा बेल. पहिला प्रवेश जमला नाही, तो नुसता साखर मागायला आलेला म्हातारा होता, असं ते सांगायचे. आम्हाला फरक कळायचा नाही, पण दुसऱ्या वेळी आई त्यांना चहाला बसवून घ्यायची.

ओमानमध्ये, अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर मुलीकडे राहायचे. तान्याआंटी दातांची डॉक्टर, तिचा नवरा ओमानी, मॉस्कोत शिकलेला. नातवंडं 'देदा' म्हणायची, म्हणजे आजोबा, म्हणून आम्हीही. वडील रशियातले मोठे सिनेमानट आहेत असं आंटी म्हणाली, तेव्हा बाबांना ते मुलीचं कौतुक वाटलं. मग त्यांनी ऑफिसातल्या एका रशियन बाईला फोटो दाखवला, आणि ती खुर्चीतून उठून उभीच राहिली.

स्वतःची गोष्ट देदा मोडक्या इंग्रजीत, आईबरोबर मटार सोलता सोलता सांगायचे. ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला होते, तिथल्या हौशी नाटकात कुणीतरी पाहिलं आणि सिनेमात नेलं. वडील युद्धावरून परत आले नव्हते. देदा पडद्यावर कितीतरी वेळा युद्धावर गेले आणि बहुतेकदा मेले. "आई दर वेळी रडायची," ते म्हणाले, "मी शेजारच्या खुर्चीत बसलेला असायचो, तरी." पुढे देश बदलला, कामं थांबली, तेव्हा त्यांनी टॅक्सी चालवली. प्रवासी ओळखायचे आणि सिग्नलला गाडी थांबली की जुने संवाद म्हणायला लावायचे. ते म्हणायचे.

एकदा सुपरमार्केटमध्ये, लबनच्या, म्हणजे तिथल्या ताकाच्या फ्रिजपाशी, एका रशियन पर्यटक बाईने त्यांचे हात धरले आणि ती रडत रडत कुठल्यातरी सिनेमाबद्दल बोलत राहिली. मी सोबत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, कोणता सिनेमा? देदा म्हणाले, त्यात ते नव्हतेच, दुसराच नट होता. पण तो तिने आईबरोबर पाहिला होता. "आता त्या दोघींच्या मध्ये मी कशाला पडू?"

बारावीनंतरचं ते वर्ष मी घरीच होते. माझं बोलणं कमीच, आणि जे होतं ते इंग्रजीत. मराठी कळायची सगळी, पण बोलायला गेले की अडखळायचे. पुण्याचे पाहुणे आले की हसायचे, प्रेमानेच, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं.

त्याच वर्षी देदांना मॉस्कोहून फोन आला. एका सिनेमात म्हाताऱ्या बापाची भूमिका होती, पण आधी एक प्रसंग चित्रित करून पाठवायचा होता. मुलगी घर सोडून निघालीय. बापाला तिला थांब म्हणायचंय, पण तो फक्त स्वेटर घेतलास का, एवढंच विचारतो. देदा विसरायला लागले होते, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. हे काम शेवटचं, असं ते स्वतःच म्हणाले. मुलीची वाक्यं म्हणायला त्यांनी मला बसवलं. समोर कुणी नसेल तर मी फक्त बोलतो, म्हणाले. तिचा आवाज नंतर काढून टाकतात, कुठल्याही भाषेत चालेल.

मी इंग्रजीत सुरू केलं. त्यांनी थांबवलं. "हे पाठ केलेलं आहे. आई तुला ज्या भाषेत रागावते, त्यात म्हण."

म्हणून मी म्हणाले, "बाबा, मी निघते. पोहोचले की... फोन करेन." 'पोहोचले'नंतर मी रोज अडायचे. देदा रोज थांबायचे. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून मला बोलता यायचं. पंधरा दिवस हा सराव चालला; एरवी कुणाशीही बोलले नव्हते इतकं मी त्या दोन वाक्यांत बोलले.

चित्रीकरणाच्या सकाळी कॅमेरा घेऊन जो आला, तो आंटीच्या नवऱ्याच्या ऑफिसातला हौशी मुलगा होता, पुण्याचा. जिन्यात फोनवर बोलत होता, स्वच्छ, भराभर मराठीत. मी दारातूनच परत फिरले आणि आईला सांगितलं, ताप आहे म्हणून कळव.

आंटी तिच्या दवाखान्यात कामावर होती. देदांनी एकट्यानेच केलं. ते काम दुसऱ्याला मिळालं.

दुसऱ्या दिवशी ते मला बघायला आले. मी पांघरूण घेऊन पडले होते. बराच वेळ बघून म्हणाले, आजारी माणूस पांघरूण दोन्ही हातांनी धरत नाही. मग हसले आणि सोललेलं संत्रं माझ्या उशाशी ठेवून गेले. मी खरं सांगितलं नाही. पुढेही नाही. उन्हाळ्यात ते हट्टाने आपल्या गावी गेले आणि तिथेच वारले.

परवा आंटीने तो व्हिडिओ मला पाठवला. देदा कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघतायत, जिथे मी बसायचे तिथे. ते बोलतात, गप्प होतात, पुन्हा बोलतात. ती शांतता केवढी आहे हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. माझं वाक्य त्यात बरोबर मावतं. अडखळण्यासकट.

आता मी कधी कधी तो लावते आणि माझी वाक्यं मोठ्याने म्हणते. हल्ली मी अडखळत नाही. त्यामुळे माझं वाक्य लवकर संपतं, आणि देदा मात्र अजून थांबलेले असतात.