मापात बसलेलं घर

कारखान्यात तिला सगळे मास्टर म्हणत. कटिंग मास्टर. एका बाईला मास्टर म्हणायचं हे सुरुवातीला लोकांच्या जिभेला जड गेलं, पण कापडाच्या जाड थप्पीवर तिचं यंत्र फिरताना ज्याने पाहिलं, तो मुकाट्याने तसंच म्हणायला लागला. शेवटी नवराही घरात तीच हाक मारू लागला. "मास्टर, चहा मिळेल, की आधी माप द्यावं लागेल?"

नवरा बसचा ड्रायव्हर होता. होता म्हणायचं, कारण काचबिंदूने त्याची नजर नेली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. नजर एकदम गेली नाही. भाडेकरू एकेक सामान हलवतो तशी गेली. आधी कडेची माणसं गेली, मग कडेची दुकानं, मग समोरचा रस्ता. हा सगळा काळ दोघं त्याच दोन खोल्यांत राहत होती. त्यामुळे डोळे जाईपर्यंत त्याच्या हातापायांनी ते घर तोंडपाठ करून टाकलं होतं. ती कामावर गेली की तो एकटा चहा करी, भांडी विसळी, आंघोळ करून कपडे वाळत घाली. तिच्या हातून सुई पडली तर तीही तोच शोधून देई, आणि वर ऐकवी, "डोळे असून काय उपयोग."

मूलबाळ नव्हतं. दोघांचा संसार तिच्या पगारावर आणि त्याच्या थट्टेवर चालला होता.

मग कारखाना दुसऱ्या शहरात हलला. मालकाने सांगितलं, येणाऱ्याला जागा आहे, न येणाऱ्याने हिशेब घ्यावा. पन्नाशीला आलेल्या बाईला आता दुसरं कोण कामावर घेणार होतं? ती निघाली. जुनं घर सोडलं, नवऱ्याला नणंदेकडे ठेवलं आणि सांगितलं, "घर मिळालं की न्यायला येते."

नणंद वाईट नव्हती, भावावर तिचा जीव होता. तिच्या घरी त्याच्या हातात पेला दिला जाई, ताट दिलं जाई, चप्पल पायात सरकवली जाई. सुरुवातीला तो फोनवर म्हणे, "माझी फार बडदास्त आहे इथे. सकाळी मी आपल्या आपण उठलो तर घरातले सगळे धावले. मला वाटलं, कुठे आग लागली." पुढे पुढे थट्टा आटली. एका संध्याकाळी तो म्हणाला, "लवकर बघ मास्टर. इथे मी पार्सलसारखा पडलोय. असाच राहिलो तर मला उठायचंही कळणार नाही."

ती कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, इतर बायकांबरोबर एका हॉलमध्ये पथारी टाकून राहत होती. काम सुटलं की एजंटबरोबर घरं बघत फिरे. एजंट बोलका होता. त्याच्याकडे प्रत्येक घराला हवा, उजेड आणि सज्जन शेजार असे. पण घरमालकांना नवऱ्याविषयी सांगितलं की सज्जनपणा संपे. "दिवसभर एकटे राहणार? आणि गॅस उघडा राहिला तर?" एकाने तर तिच्यादेखत एजंटला विचारलं, "तुला दुसरं कोणी मिळालं नाही का आणायला?" घर तिसऱ्या मजल्यावर असो की तळमजल्यावर, उत्तर एकच.

आणि घर मिळून तरी काय होणार होतं? परक्या घरात त्याला सोडून ती सकाळी कामावर जाणार कशी? हा विचार तिला कापडाच्या टेबलापाशी उभं राहू देईना. मग तिच्या डोक्यात आलं की घर परकं नसलंच तर? जुन्या घराची मापं तिला पाठ होती. पडदे, गाद्यांच्या खोळी, ओट्याखालची झालर, सगळं तिनेच कापून शिवलं होतं. तेव्हापासून ती गळ्यात टेप टाकूनच घर बघायला जाऊ लागली.

"मॅडम, घर आहे हे," एजंट म्हणाला. "ब्लाऊज शिवायचाय का?"

"तुम्ही टेपचं टोक धरा."

"धरतो. बाही किती ठेवायची तेवढं सांगा."

आणि एक दिवस ते घर मिळालं. पुढची खोली तशीच लांबट, आतलं स्वयंपाकघर तेवढंच, ओट्याची उंची तीच, स्वयंपाकघराला लागून मोरी, तीही तेवढीच. जेवणाच्या सुट्टीत ती धावत आली होती आणि तशीच परत पळायची होती. एकेक भिंत मोजत गेली तसतसा तिचा श्वास वाढत गेला. मापात केसाचाही फरक नव्हता. घरमालकीण खालीच राहत होती. तिने विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"घरीच असतात," ती म्हणाली. "त्यांना जरा कमी दिसतं."

तेवढंच बोलली. त्याच संध्याकाळी करारावर सही झाली.

फोनवर नवऱ्याला सांगताना तिचा आवाज मुलीसारखा झाला होता. "अहो, आपलंच घर आहे. तेच. उचलून इथे आणून ठेवल्यासारखं." खाट भिंतीला लागून, खुंट्या दाराशी, रेडिओ कोनाड्यात, असं तिने सगळं लावून ठेवलं.

नणंद त्याला घेऊन आली. जिन्यात त्याने तिचा हात सोडला. "आता मी माझ्या घरात जाणार आहे. बाजूला व्हा," म्हणाला आणि उंबरठा ओलांडून रुबाबात उजवीकडे वळला, खुंटीला पिशवी अडकवायला. पिशवी जमिनीवर पडली. तिथे खुंटी नव्हती. त्याने भिंत चाचपली, हसला, दोन पावलं पुढे जाऊन खाटेवर बसायला गेला आणि धाडकन खाली बसला. खाट समोरच्या भिंतीला होती.

त्या क्षणी मास्टरला कळलं.

एकाच पॅटर्नवर, म्हणजे कागदाच्या नमुन्यावर, दोन बाह्या कापायच्या तर एकदा पॅटर्न पालथा घालावा लागतो, नाहीतर दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच निघतात. माप बरोबर, कापड बरोबर, आणि सदरा कुणाच्या अंगात जाणार नाही असा. नव्या पोरी ही चूक हमखास करत आणि ती त्यांना पहिल्याच आठवड्यात एकदा चांगली फैलावर घेई. हे घर जुन्या घराचा पालथा पॅटर्न होता, तिथलं उजवं ते इथे डावं. तिने भिंत न् भिंत मोजली होती. दारात उभं राहून एकदाही डोळे मिटले नव्हते.

नणंदेने भावाला उठवलं. "वहिनी, हे काय हो? तुम्ही तर म्हणालात, तेच घर आहे."

"तेच आहे," ती म्हणाली. "फक्त उलटं."

"म्हणजे मी डोक्यावर चालायचं," तो म्हणाला. पण कोपर चोळत म्हणाला.

नणंद दुसऱ्या दिवशी जाताना दारात थांबली. "दादा, चल माझ्याबरोबर. हट्ट नको."

"तू जा. घरच शिकायचं आहे ना? या वयात रिव्हर्स घेतो."

पण ते शिकणं परकं घर शिकण्याहून अवघड निघालं. परक्या घरात माणूस बिचकत चालतो, हात पुढे धरतो. इथे त्याचं अंग बिचकतच नव्हतं. विचार करून उठला की बरोबर जाई. पण दिवसभर प्रत्येक पावलाला विचार कोण करत बसतो? जरा मन दुसरीकडे गेलं की पाय जुन्या घरात निघत. कपाळाला टेंगूळ आलं. चहाचा पेला ओट्यावर म्हणून हवेत ठेवला गेला. तिने खाट हलवून बघितली, पण मोरी आणि दार कसं हलवणार? संध्याकाळी ती घरी येई तेव्हा तो खाटेवर बसलेला असे, पाण्याचा तांब्या सकाळी भरलेला तसाच.

"प्यायला नाहीत?"

"तहान नव्हती," तो म्हणे.

मग तो दिवस आला. ती कामावरून जिना चढत होती तर घरमालकीण मधेच उभी. नवरा आपल्या घरात खाटेवर होता, पण अंगावर घरमालकिणीच्या मुलाचा शर्ट होता.

झालं होतं ते असं. दुपारी त्याला डुलकी लागली. जाग आली तसा तो टॉवेल गुंडाळून आंघोळीला निघाला. खाटेवरून उठून उजवीकडे, जसा इतकी वर्षं जात होता तसा. दाराची कडी हाताला लागली, उघडली, पुढे पाऊल टाकलं, आणि मागे दार आपोआप बंद झालं. नळ शोधायला हात लांबवला तो कठड्याला लागला. बाहेरच्या जिन्यात होता तो. दाराचं लॅच पडलेलं. हाक मारायची तर कुणाला, कुणाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. शेजारचं दार ठोठावायचं तर अंगावर फक्त टॉवेल. तो कठडा धरून उभा राहिला, किती वेळ ते त्याने सांगितलं नाही. शाळेतून येणाऱ्या मुली किंचाळल्या तेव्हा घरमालकीण वर आली.

"मी काही वाईट बाई नाही," घरमालकीण म्हणाली. "मी शर्ट दिला, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून आत बसवलं. पण तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

"मी कमी दिसतं म्हणाले होते."

"कमी दिसणं आणि न दिसणं यात फरक असतो हो बाई. उद्या ते जिन्यावरून पडले तर पोलीस माझ्या दारात येतील. तुम्ही राहा. खुशाल राहा, तुमचा मला काही त्रास नाही. पण त्यांना इथे एकटं ठेवायचं नाही."

"मी कामावर जाते. दुसरं कोण आहे त्यांच्याजवळ?"

"ते मी कसं सांगू?" घरमालकीण म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. त्यामुळे भांडताही येईना.

आत आल्यावर मास्टर त्याच्याशेजारी बसली. "चूक माझी आहे," म्हणाली. "मी आधी सांगायला हवं होतं की घर नवं आहे."

"हो," तो म्हणाला. "नवं म्हणाली असतीस तर मी रांगत शिकलो असतो. तू आपलं म्हणालीस." "माझ्या बहिणीला फोन लाव."

"मी दुसरं घर बघते. वेगळं. कुठेच काही जुळणार नाही असं."

"बघ."

तिने एजंटला गाठलं. यावेळी त्याने थट्टा केली नाही. खोटं बोलून घर घेतल्याची गोष्ट त्या भागात पसरली होती, आणि मालक आता तिचं नाव काढताच मान हलवत होते. तिने साहेबांना विचारलं, नवऱ्याला कारखान्यात एका कोपऱ्यात बसवू का? साहेबांनी यंत्रांकडे बोट दाखवलं. आठवड्याचे उरलेले दिवस तिने सुट्टी टाकली, तीही बिनपगारी, आणि रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. त्याच्या एकट्याचं, दोघांचं नाही. सोमवारी कामावर उभी राहिली नाही तर तिच्या टेबलाला दुसरा मास्टर येणार होता. नणंद पलीकडच्या स्टेशनवर उतरवून घेणार होती.

रविवारी टॅक्सी खाली आली तेव्हा तो बूट घालून खाटेवर तयार बसला होता. "मास्टर, मला एकदा हे घर दाखव."

"आता?"

"फोनवर बोलशील तेव्हा तू कुठे उभी आहेस ते मला कळायला नको?"

तिने त्याचा हात धरला आणि दारापासून सुरुवात केली. ही खुंटी, डाव्या हाताला. ही भिंत. ही खाट, तुमची. हा कोनाडा. तो प्रत्येक वस्तूवर तळवा ठेवी, उलटा फिरवी, सुलटा फिरवी आणि मगच मान हलवी. घाई अजिबात नव्हती. परका माणूस परक्या घरात चालतो तसा तो चालत होता, सावध, हात पुढे धरून. स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा लागला नाही. ओट्याची कड त्याने बोटांनी शेवटपर्यंत नेली. "आणि इथे तू भात लावतेस."

"हो."

"तेव्हा तोंड कुठे असतं तुझं?"

"खिडकीकडे."

"खिडकी कुठे?"

तिने त्याचा हात गजांवर ठेवला. खाली हॉर्न वाजला.

"थांब," तो म्हणाला. "आता तू सांगू नकोस."

तिने हात सोडला. तो एकटा ओट्यापासून निघाला, चौकटीतून बाहेर आला, कोनाडा, खाट, भिंत, खुंटी, आणि दारापाशी येऊन थांबला. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. तिने पिशवी उचलली.

त्याने हात पुढे केला. कडी पहिल्याच खेपेला हाताला लागली, आणि त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.