खिळ्यांवरच्या बांगड्या

माझी सून सुषमा मोबाइलचे चार्जर बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तिथे बांगड्या घालून कामाला बसू देत नाहीत, म्हणून बायका त्या दारालगतच्या खिळ्यांवर अडकवून आत जातात. आज तिचा डबा द्यायला गेले आणि बघतच राहिले. एकही खिळा रिकामा नव्हता हो!

मध्यंतरी हीच भिंत ओकीबोकी झाली होती. बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांवर कर जास्त आणि तयार परदेशी चार्जरवर कमी. मग आमच्या पोरींचा चार्जर महागच पडणार की! कारखाना बंद पडायला आला. तेव्हा मालकांबरोबर या बायकाही दिल्लीला गेल्या. सुषमानं तिथल्या कर ठरवणाऱ्या साहेबांसमोर चार्जर उघडून ठेवला. म्हणाली, "साहेब, सुटं महाग आणि जोडलेलं स्वस्त, असं कुठं असतं का?" त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढे खरंच सुट्या भागांवरचा कर उतरला.

मला आपलं वाटायचं, सरकारचे नियम कुठेतरी लांब, वरच्या वर चालतात. पण ते या खिळ्यांपर्यंत येतात बरं, आणि इथून गेलेला आवाज तिथवर पोचतोही.

सुषमा डबा घ्यायला बाहेर आली. "आई, नव्या पोरींना खिळे पुरत नाहीयेत."

म्हटलं, "मग हातोडी आण. मीच ठोकते!"