आत्याबाईंचा वैशाख

सूर्याला तोंडावर शिव्या देणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी सासू निघाली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत. होळीची राख थंड झाली, की दुसऱ्या सकाळपासून आत्याबाई अंगणात उभ्या राहत, कपाळावर आडवा हात धरत आणि उगवतीकडे पाहून म्हणत, "आला का मेल्या? ये, ये. यंदा पाह्य तुही कशी जिरवतो." शेजारच्या बायका त्या दिशेला हात जोडत. आत्याबाई बोटं मोडत.

आसेगावचं आमचं घर धाब्याचं, मागे वांगी-मिरच्यांचा मळा. चैत्र लागला की त्या घरात आत्याबाईंचं राज्य सुरू होई. अंगणात तुराट्यांचा मांडव, त्यावर पळसाच्या पानांचा जाड थर, दारांना ओली गोणपाटं, रांजण ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला. चूल झुंजूमुंजू होण्याआधी पेटायची आणि ऊन ओसरीला लागायच्या आत विझायची. त्यानंतर कोणी ऊन ऊन भाकर मागितली, तर त्याला दुपारभर टोमणे जेवावे लागत. राखेत भाजलेल्या कैऱ्यांचं पन्हं आणि ज्वारीची आंबील नको म्हणायची कोणाची टाप नव्हती. म्हशीच्या कपाळावर मेंदी थापत, का तर तिचं डोकं थंड राहावं. यातलं निम्मं थोतांड होतं, हे मी आजही म्हणेन. फक्त कुठलं निम्मं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळ्यात छळ कांद्याचा. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर एक कांदा असलाच पाहिजे. बायकांच्या कनवटीला, गड्यांच्या मुंडाशात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गरीब गाय. ते एकदा टोपीत कांदा ठेवायला विसरले, तर आत्याबाई चारचौघांत म्हणाल्या, "डोक्यात नाई तर नाई, टोपीत तरी काई असू द्या!" मामंजींनी मुकाट्यानं टोपी पुढे केली.

आणि मी? माझं काय विचारता! मी मंगरूळपीरची पोर. तिथे कचेरी होती, दर्ग्याचा उरूस होता, बाजारात बांगड्यांची ओळीनं दुकानं होती. मला मंगरूळ म्हणजे विलायत वाटे आणि आसेगाव म्हणजे रान. पहिल्याच उन्हाळ्यात मी नाक उडवून म्हटलं, "आमच्या मंगरुळात नाही बाई असलं कांदे बांधून फिरत."

"काहून? मंगरुळात सूर्य दुसरा हाय का?"

मी रोज मिळणारा कांदा गुपचूप ज्वारीच्या कणगीमागे टाकू लागले. पुढे पावसाळ्यात तिथे हिरवे कोंब वर आले. आत्याबाईंनी ते कांदे मातीसकट माझ्या ताटात वाढले. "घे सूनबाई. तुह्या मंगरूळचे पाहुणे आले, जेवू घाल."

मग आमची थोरली झाली, आणि ती चार पावलं टाकायच्याही आधी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. भर वैशाखात, दुपारचा मुहूर्त. आत्याबाईंनी ऐकलं आणि सांगितलं, "तुले जायचं तर जा. लेकरू वैशाखात बाहेर जाणार नाई." आता अंगावर पिणारं लेकरू सोडून जाऊ कशी? मी रुसले. अन्न सोडलं. म्हणजे सगळ्यांसमोर सोडलं. कोठीत बसून गूळ-भाकर चालूच होती. ते आत्याबाईंना ठाऊक असणार, कारण गुळाची ढेप रोज पुढे सरकून माझ्या हाताला लागेल अशी येऊन बसे.

शेवटी त्या म्हणाल्या, "मी संग येतो." आणि त्यांनी आमच्या दमणीचं, त्या छपराच्या बैलगाडीचं, घर करून टाकलं. छपरावर तुराट्या, पळसाची पानं, दोन्ही बाजूंना भिजवलेली पोती, आत पाण्याचं मडकं, पन्ह्याचा लोटा, आणि पुढच्या दांडीला कांद्यांची माळ! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहेरच्या वेशीतून मी काय भाजीवालीसारखी शिरणार?

ठरलं होतं अंधारातच निघायचं. पण मला वेशीतून हिरवा शालू नेसून, नथ घालून शिरायचं होतं. वेणी तीनदा घातली. मग नथ सापडेना. बाहेर आत्याबाई गाडीत बसून ओरडताहेत, "निंग वो माय! तो मेला वर येऊन राह्यला!" आणि आत ही महाराणी नथ शोधते आहे. ती निघाली माझ्याच तोंडात. मोत्याच्या बाजूनं दातात धरून मी घरभर पाहत होते. असली अक्कल घेऊन मी आत्याबाईंना अडाणी समजत असे.

निघालो तेव्हा ऊन बांधावर आलं होतं. निम्म्या वाटेत काळी रानं दोन्हीकडून तव्यासारखी तापली. पोती वाळून पापड झाली. माझे मालक बैलांना हाकत होते, बैल जीभ काढून चालत होते. आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सूर्यावर सुरू होता, आणि मी शालूच्या निऱ्या सांभाळत होते. लेकरू मघापासून रडत नव्हतं. मी म्हटलं, "शहाणं आहे बाई, झोपलं."

आत्याबाईंनी हात लावून पाहिला आणि त्या एकदम गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तेव्हा कुठे मी निऱ्या सोडून पोरीला उचललं. पोरीचं अंग निखाऱ्यासारखं, मान लुळी, छातीशी धरलं तरी दूध ओढेना.

"सोड तो शालू."

"आत्याबाई, अहो शालू..."

"माह्या लुगड्यात ठिगळंच जास्त, पाणी धरत नाई. सोड म्हणतो ना, बैताडे!"

गाठोड्यातलं आपलं ठिगळांचं लुगडं त्यांनी माझ्या अंगावर फेकलं. मडक्यातल्या पाण्यात माझा शालू बुचकळला आणि पोरीला त्यात गुंडाळलं. मालकांनी गाडी नाल्याकाठच्या आमराईत घातली. आत्याबाई बोट बुडवून पन्ह्याचा थेंब थेंब तिच्या ओठांत सोडत होत्या, शालू पुन्हा पुन्हा भिजवत होत्या. शिवी नाही की शब्द नाही. नुसती मान लुळी दिसत होती आणि वर कैऱ्या हलत होत्या.

किती वेळ गेला, देवाला ठाऊक. मग आत्याबाई ओरडल्या, "मुतली वो माय! माह्या मांडीवर मुतली!" पुढच्या क्षणी लेकरानं असा टाहो फोडला की बैल दचकले. त्याबरोबर आत्याबाईंचं तोंडही सुटलं. पहिल्यांदा सूर्याचा उद्धार झाला, मग माझ्या नथीचा.

ऊन उतरेपर्यंत त्यांनी गाडी हलू दिली नाही. लग्न लागून गेलं. मी तळमळले, तर म्हणाल्या, "लगीन उद्याबी लागते कोनाचं ना कोनाचं." वेशीतून मी शिरले ती ठिगळांच्या लुगड्यात, कांद्याच्या माळेमागे. मी अस्सल म्हणून मिरवलेल्या शालूचा रंग कच्चा निघाला होता. लेकरू टाळूपासून टाचेपर्यंत हिरवंगार. माय कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं, हे काय, कैरी आणली का?" सगळा मांडव हसला.

"हासा!" आत्याबाई कडाडल्या. "मांडवात एक गोणपाट भिजोलं नाई, अन् हासता कायले?" उशीर का झाला, असं मायनं विचारलं, तेव्हा त्या मात्र माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बैल अडला." त्यानंतर दर होळीला मला एकटीला गाठून विचारीत, "सूनबाई, नथ सापडली का? नाईतर आत्तापासूनच शोधाले लाग."

आत्याबाई गेल्या त्याही वैशाखातच, एका सकाळी, मामंजींच्या आधी. भाऊबंद जमले. दुपार व्हायच्या आत उरकू म्हणाले. मी दारात आडवी झाले.

"ऊन उतरल्याबिगर नेऊ देणार नाई."

"वहिनी, आता तिले काय ऊन लागते?"

"तिले नाई लागत. मले लागते."

सगळे दिवसभर मांडवाखाली बसून राहिले, माझ्या नावानं पुटपुटत. मी पेटीतला तो हिरवा शालू काढला, रांजणातल्या पाण्यात भिजवला आणि त्यांच्या अंगावर घातला. उरलासुरला रंग माझ्या हाताला लागला. थोरली सासरहून आली होती, ती एकेकाळची कैरी. तिनं आजीच्या पदराला एक कांदा बांधला.

कलत्या उन्हात त्यांना उचललं. बायका मावळतीला हात जोडून उभ्या होत्या. मी हिरव्या हातांची बोटं मोडली.