जलालुद्दीनचा रुमाल

सिद्धेश्वर धरणावर जलालुद्दीनला सगळे येडा म्हणतात. मी त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त, मी पण म्हणतो. धंदा मासे धरायचा आणि हौस जाळं फाडायची! जाळ्यात पाखरू अडकलं की हा मासे सोडून आधी त्याच्याकडं वळतो. खांद्यावरचा रुमाल काढून पाखराचे डोळे झाकतो. डोळ्यापुढं अंधार झाला की ते फडफडत न्हाई, पाय मोडून घेत न्हाई. मग चाकूनं जाळं कापतो, स्वतःचं. बापानं शिकवलं म्हणे.

"अरे, इणायला दोन दिवस लागतात की," मी ओरडायचो.

"जाळं पुन्हा इणता येतं, मास्तर. पाय इणता येत न्हाई."

माझी लेक साधना लहानपणी त्याच्याच होडीत बसून पाखरं ओळखायला शिकली. आता ती केनियात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात तिनं आम्हा नवराबायकोला बोलावलं. आमची नर्मदाबाई म्हणाली, "विमानाचं नाव काढू नका." तेव्हा साधना म्हणाली, "मग जलालचाचांना आणा." त्याचा पासपोर्ट काढता काढता माझ्या चपला झिजल्या.

तिथं एका मोठ्या तळ्याकाठच्या अभयारण्यात तिनं आम्हाला नेलं. काठानं गुलाबी रोहित पक्ष्यांची दाटी, झाडाखाली जिराफ, गवतात रानरेडे. जलाल लेकरावाणी हरखला. गाडीवाल्यानं नियम एकच सांगितला होता, काही झालं तरी खाली उतरायचं न्हाई.

दुपार कलली आणि जलालनं माझं मनगट धरलं. "मास्तर, शेकाट्या. आपल्या धरणावर येतो तोच." काळे पंख, लांब लाल पाय, बराबर तोच. पन्नास पावलांवर वाळक्या फांदीला नायलॉनचा दोरा गुंतला होता आणि त्या दोऱ्यात त्याचा पाय. उडायचा, पडायचा, पुन्हा उडायचा. शेजारी गवतात दोन रानरेडे बसले होते.

मी काही बोलायच्या आत जलालचा रुमाल हातात आणि दुसरा हात दाराला. "दोन मिनिटं, मास्तर. दोनच." दार उघडलं. गाडीवाला ओरडला. मी मागून जलालचे दोन्ही दंड धरले. मला त्याच्या जिवाची भीती वाटली. खोटं कशाला बोलू, माझ्याही जिवाची वाटली. ज्यानं उभा जन्म वल्हं मारलं त्याला मी म्हातारा काय धरणार? एका हिसक्यात सुटला असता. पण त्यानं हिसका दिला न्हाई.

"सोडा ना," तो हळूच म्हणाला.

मी सोडलं न्हाई.

गाडीवाल्यानं वायरलेसवर कळवलं. उत्तर आलं, माणूस पाठवतो, कधी ते सांगता येत न्हाई. सहाला फाटक बंद होणार होतं. साधनानं हातापाया पडून पाहिलं, पण गाडीवाल्याचाही नाइलाज होता. गाडी निघाली. जलाल मागं वळून बसला, वळण येईस्तोवर. रुमाल मुठीतच होता.

घरी आल्यावर दर आठ दिवसाला त्याचं एकच. "साधनाला विचारा, सुटलं का?" तिनं त्या गाडीवाल्याकडं चौकशी केली. दुसऱ्या दिवशी तिथं पाखरू न्हाई, दोराही न्हाई. एवढंच कळलं. सुटलं असेल, न्हाई तर कोल्ह्यानं नेलं असेल.

हे त्याला सांगायचं माझ्याच्यानं होईना. शेवटी एका सकाळी मी धरणावर गेलो. तो जाळं इणून राहिला होता.

"सुटलं रे ते," मी म्हणालो. "माणसं आली, दोरा कापला, उडून गेलं."

त्याची सुई थांबली. "डोळे झाकले व्हते का त्याचे?"

"व्हय. रुमालानं झाकले म्हणे."

तो पाण्याकडं बघत म्हणाला, "तिथं रुमाल कोणाकडं व्हता, मास्तर? माझ्या एकट्याकडंच की."

मग त्यानं सुई पुन्हा चालवायला घेतली. त्यानंतर त्यानं ते विचारणं सोडलं. मला एका शब्दानं बोल लावला न्हाई. लावला असता तर बरं झालं असतं.