दिवा जळत होता

भर दुपारी बारा वाजता विहिरीवर जाऊ नये, असं आमच्या वाटूरकडच्या बायका सांगतात. ती आसरांची वेळ. आसरा म्हणजे विहिरीत राहणाऱ्या साती बहिणी. त्यांनी हाक मारली की माणूस ओ देतो आणि जातो. मी इंजिन मिस्त्री. माझ्या कामाची वेळ नेमकी तीच, कारण इंजिनं बंद पडतात ती भर उन्हात. त्यामुळे मी आसरांना हसायचो. आम्ही घरी उर्दू बोलणारे, आसरा आपल्या नव्हेतच, असाही एक शहाणपणा त्यात होता. उंटावरचा शहाणा, दुसरं काय!

त्या उन्हाळ्यात माझ्या एका दोस्ताच्या विहिरीचं पाणी फार खाली गेलं. त्याच्या शेतापर्यंत विजेचे खांब आलेच नव्हते. रॉकेलवरचं छोटं इंजिन वरून इतक्या खोलचं पाणी ओढू शकत नाही, म्हणून ते मीच दोरानं खाली सोडलं आणि विहिरीच्या आत, पाण्याच्या जरा वर, लोखंडी मचाणावर बसवून दिलं. अशी कितीतरी इंजिनं मी विहिरींत उतरवली होती.

एके दिवशी सकाळभर चालून ते बंद पडलं. मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोस्ताची बायको, आमची वहिनी, मोसंबीच्या सावलीत उभी होती.

"आता नगा उतरू. बारा वाजून राह्यलेत," ती म्हणाली.

"वहिनी, आसरा जेवायला गेल्या असतील," मी म्हणालो. दोस्त हसला. ती हसली नाही.

मी कंदील पेटवला, दोराला बांधून पाण्यालगत सोडला. आमच्या धंद्यात ही रीतच होती: दिवा विझला तर हवा खराब, जळत राहिला तर साफ. दिवा मजेत जळत होता.

"बिलकुल साफ हाय. उतरा बिनधास्त," मी दोस्ताला म्हणालो. प्लग तेवढा बदलायचा होता आणि ते त्याला येत होतं. मी वर पाइपाचा जोड बघत बसलो. विहिरीच्या कपारीत कायम घुमणारे पारवे त्या दिवशी नव्हते, हे मला फार नंतर आठवलं.

थोड्या वेळानं खालून त्याचा आवाज आला. मला वाटलं, पाना मागतोय.

"हो हो, बसा ना," तो म्हणत होता. "चहा घेऊनच जा. जल्दी कशाची हाय?" मग तो हसला. पाहुण्यांशी हसतात तसं, अदबीनं.

विहिरीत तो एकटाच होता. मी वाकून हाक मारली. त्यानं वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला. मग त्यानं इंजिनावर डोकं टेकलं.

मी उतरायला निघालो तर वहिनीनं माझा दंड धरला. तिनं माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरा दोर माझ्या खांद्यावर टाकला आणि शेजारच्या शेताकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली की अजून ती कानात आहे.

खाली गार वाटलं. छान वाटलं, हे सांगायला लाज वाटते. दोस्ताच्या काखेतून दोर घातला आणि तेवढ्यात अम्मा बोलली. माझी अम्मा कधीच वारली. ती अगदी कानाशी म्हणाली, "बेटा, बैठ जा. रोटी गरम है." आणि मी बसलो. खरंच बसलो. आरोळी ऐकून धावलेल्या लोकांनी आम्हा दोघांना वर ओढलं नसतं तर मी उठणार नव्हतो.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच उखडले. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यात दिवा खुशाल जळतो. माणूस मात्र भ्रमतो, ऐकू नये ते ऐकतो, मग झोपतो. वहिनीच्या आसरांना हसणारा मी, स्वतः एका कंदिलावर श्रद्धा ठेवून होतो.

दोस्त चालत घरी आला. पण त्या वायूचा घाव उशिराही उमटतो; दोन-तीन आठवड्यांनी त्याचं भान हळूहळू जायला लागलं. पोरांची नावं चुकू लागली. आता तो ओसरीवर बसून असतो, मधेच कुणाला तरी बसा म्हणतो. गावात झालं, आसरांनी अर्धा ठेवून घेतला. मी ते खोडलं नाही, डॉक्टरांचं बोलणं वहिनीलाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! मिस्त्रीचं नाव शाबूत राहिलं.

मी इंजिनाचं काम सोडलं आणि सोलर पंप बसवायला शिकलो. लोक विचारतात, खर्चा किती वाचेल? मला राग येतो. अरे, मोटर पाण्यात बुडालेली, काचेच्या पाट्या वर उन्हात, धूर नाही, कुणाला खाली उतरावं लागत नाही, आणि भर बाराच्या उन्हात ती सगळ्यात जास्त पाणी ओढते. तुमचा जीव वाचतो, तो आधी मोजा की!

हेच सांगायला मी पुढच्या उन्हाळ्यात वहिनीकडे गेलो. ती तुरी निवडत होती.

"आसरा रागावतील त्या काचांनी," ती म्हणाली. "अन् इंजिनाचं काय वाईट हाय? केदारखेड्याच्या माझ्या भावानंबी परवा खाली सोडलंय. म्या त्याला बजावलं, ओटी भरून उतर, बाराच्या आत उतर, मंग काही व्हत न्हाई."

माझ्या गप्प बसण्यातून तिनं हा नियम तयार केला होता, आणि तो नियम घेऊन तिचा भाऊ आता रोज सकाळी विहिरीत उतरणार होता.

मी सगळं सांगितलं. धूर सांगितला, दिवा सांगितला. "वहिनी, आसरा नव्हत्या. माझं इंजिन होतं. मी वर्षभर गप्प राहिलो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. आधी फोन लावला. भाऊ उचलेपर्यंत आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. "इंजिन वर काढ," ती त्याला म्हणाली. "आज. तू उतरायचं न्हाई, वरूनच वढ. का ते मंग सांगते."

फोन ठेवून तिनं ओसरीकडे पाहिलं. तिथून दोस्तानं मला ओळखल्यासारखं हसून "बसा" म्हटलं.

"सोलर बसवीन म्या," ती म्हणाली. "पर तुमी येऊ नगा. दुसरा मिस्त्री पाठवा."

मी दुसरा मिस्त्री पाठवला.